आवक निरंक, जावक तीन

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तिमाही वार्तापत्र परवा हाती आलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. नाव झाकलं की चार-पाच विद्यापीठांतून 'हे आमचंच ना?' असे फोन येतात, आणि हे सदर कुठवर पोचतं ते मला कळतं.

पानं पाच. 'कर्मचारी वार्ता' पहिल्या पानाच्या निम्म्यावरच आटोपतात. तिथून शेवटच्या पानापर्यंत नुसते 'आगामी कार्यक्रम'. घरातली माणसं उठून गेली की सणवार कमी होतात, असा आपला समज. इथे उलटं दिसलं.

कर्मचारी वार्ता आधी घेऊ, लवकर संपतात म्हणून. सेवानिवृत्त : तीन. नवीन नियुक्ती : निरंक. पदोन्नती : निरंक. 'निरंक' हा सरकारी मराठीतला मला फार आवडणारा शब्द. 'शून्य' म्हटलं की काहीतरी हवं होतं आणि नाही, असं वाटून जातं. 'निरंक' म्हटलं की नसणंसुद्धा रीतसर तपासून, सही-शिक्क्यानिशी नोंदवलेलं वाटतं. रिकाम्या खुर्चीला नेसवलेलं ते सोवळं आहे.

चौथी ओळ : 'ग्रंथपालपदाचा अतिरिक्त कार्यभार रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे पुढील आदेशापर्यंत कायम.' हे प्रभारी सर मी पाहिले आहेत. सज्जन माणूस. त्यांच्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे, कॅन्टीन समिती आहे, वसतिगृहाची तक्रार पेटी आहे आणि आता दीड-दोन लाख पुस्तकं आहेत. ते ग्रंथालयात आले की कॅन्टीनवाला त्यांना शोधत येतो आणि कॅन्टीनमध्ये गेले की ग्रंथालयाची फाईल. मला म्हणाले, "खरं सांगू का, मला यातलं काही कळत नाही." मी म्हटलं, "सर, संकोच नको. रंगनाथनांनाही सुरुवातीला कळत नव्हतं."

हे खरंच आहे. ज्यांच्या तसबिरीला दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या दिवशी, हार पडतो, ते शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे मास्तर. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि आठवडाभरात कंटाळून जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले : मला परत वर्गावर घ्या. त्यांना समजावून लंडनला धाडलं. तिथून माणूस असा परतला की पुढे १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, १९३३ साली वर्गीकरणाची स्वतःची पद्धत काढली आणि उतारवयात आयुष्यभराची शिल्लक, एक लाख रुपये, त्याच विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी देऊन टाकली. आमचे प्रभारी सर एका दिवसाच्या ऑनलाइन कार्यशाळेला बसले, कॅमेरा बंद ठेवून. प्रमाणपत्र मात्र आलं. रंगनाथनांना आठवड्यात कंटाळा यायला सवड तरी मिळाली. आमच्या सरांना कंटाळायचं तर त्यासाठी वेगळी बैठक लावावी लागेल.

पाच नियमांतला पाचवा असा, की ग्रंथालय ही वाढत जाणारी, जिवंत संस्था आहे. आमच्याकडे तो तंतोतंत पाळला जातो. नाव वाढतं. पूर्वी 'ग्रंथालय' होतं, चार अक्षरांत भागायचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा २०१६ मध्ये आला आणि त्याचं 'ज्ञानस्रोत केंद्र' झालं. ग्रंथपालाचा संचालक झाला. रिक्षावाल्याला 'ज्ञानस्रोत केंद्र' सांगून पाहा, तो तुम्हाला पाणपोईपाशी नेऊन सोडेल. पुढच्या दारावर नवी स्टीलची अक्षरं आहेत, मागच्या दारावर अजून जुनी रंगाची पाटी 'ग्रंथालय'. मुलं मागच्या दाराने येतात. सायकलस्टँड तिकडेच आहे, एवढंच कारण. आणि जागा भरायचा प्रश्न म्हणाल, तर रिकामी खुर्ची ग्रंथपालाची असण्यापेक्षा संचालकाची असली की जरा भारदस्त दिसते.

आता जावक.

निवृत्त होणाऱ्या पहिल्या, वर्गीकरणाच्या मॅडम. पुस्तक हातात घ्यायचं, मलपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावनेचं पहिलं पान, झालं; पेन्सिलीने क्रमांक पडायचा. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थांनी १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. धर्माला त्यांनी २०० चा अख्खा खण दिला, त्यातला बहुतेक ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगाची सोय २९० मध्ये केली. चाळीत बिऱ्हाडकरू कोंबावेत तशी. मराठी वाङ्मयाच्या वाट्याला ८९१.४६ आलं. ज्ञानेश्वरीपासून कालच्या दिवाळी अंकातल्या कथेपर्यंतचा सगळा संसार दशांश चिन्हापलीकडच्या त्या खोलीत. या खोलीत मॅडम तीस वर्षं वावरल्या. दलित आत्मकथन चरित्रात जाणार की वाङ्मयात, यावर त्यांनी एका कुलगुरूंशी वाद घातलेला आहे. कुलगुरू जिंकले, पुस्तक मात्र मॅडमनी जिथे ठेवलं तिथेच राहिलं. त्या म्हणायच्या, "चोरीला गेलेलं पुस्तक निदान कुणीतरी वाचत असतं. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक मेलं." त्यांच्या जागी आता संगणक आहे. तो दुसऱ्या ग्रंथालयाने दिलेला क्रमांक उतरवून घेतो. दुसऱ्याने तो तिसऱ्याकडून घेतलेला असतो. परवा तुकारामांच्या गाथेवरचं एक पुस्तक मला गाथा सप्तशतीच्या शेजारी सापडलं. दोघंही गप्प होते.

दुसरे, बाइंडर. त्यांचं पद 'मृत संवर्गात' गेलं आहे. हा शब्द माझा नव्हे, सरकारचा. संवर्ग आधी मृत घोषित होतो, त्यातला माणूस मात्र रोज डबा घेऊन कामावर येत राहतो. यांच्या खोलीत शिरलं की खळीचा वास यायचा. खळीत मोरचूद घातला की कसर लागत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. सुई-दोऱ्याने फर्मे शिवायचे, पाठीला कापड लावायचं, रात्रभर दाबात ठेवायचं. शिवलेलं पुस्तक उघडलं की पानं निवांत पसरतात, गमाने चिकटवलेलं दोन हातांनी धरून ठेवावं लागतं. त्यांची खोली आता मोकळी होणार आहे. तिथे काय होणार, ते वार्तापत्राच्या दुसऱ्या पानावर आहे : 'सेल्फी पॉइंटचे उद्घाटन'.

तिसरे, देवघेवीचे मामा. त्यांच्याकडे नंतर येतो.

एक गोष्ट मात्र वार्तापत्रात कुठेच नाही. नियुक्ती निरंक, पण काउंटरवर, आत रॅकपाशी, संगणकावर सहा-सात तरुण चेहरे रोज दिसतात. हे कोण? हे कर्मचारी नव्हेत, हे 'मनुष्यबळ' आहे. माणूस भरती होतो, मनुष्यबळ पुरवलं जातं. त्यासाठी निविदा निघते, जशी फिनेलसाठी निघते. अकरा महिन्यांचा करार, बाराव्या महिन्यात एक दिवसाची फट, परत अकरा महिने. त्या एका दिवशी हे लोक कुठे असतात? तिथेच. हजेरीपटावर तेवढे नसतात. त्यांच्यातली एक मुलगी एम.लिब. झालेली, सेट झालेली. पुस्तक कुठे आहे हे विचारलं की जागेवरून उठते, सोबत येते आणि काढून देते. तिला विचारलं, "वार्तापत्रात तुमचं नाव नाही?" हसली. "सर, आमचं नाव बिलात असतं."

आता कार्यक्रमांकडे वळू, तिथे आनंद आहे.

बोटांवर मोजलं. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन. १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. वर्षाचे सव्वीस दिवस पुस्तकांच्या नावाने साजरे होतात. उरलेल्या दिवसांत त्यांचे अहवाल लिहायचे असतात.

वाचन प्रेरणा दिनाचं मला विशेष कौतुक. डॉ. कलाम २०१५ च्या जुलैत गेले आणि त्याच वर्षापासून महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस या नावाने सुरू झाला. भावना चांगली. गंमत अशी की १५ ऑक्टोबर हाच जागतिक हात धुवा दिनसुद्धा आहे. ज्या संस्थांत एकच बॅनर परवडतो तिथे दोन्ही उरकतात. मी एका ठिकाणी सकाळी साडेदहाला वाचनाची प्रेरणा घेतली आणि अकराला साबणाने हात धुतले. पुस्तकाला हात लावून पुढे अर्ध्या तासात धुऊन टाकायचा, असा काही शास्त्रार्थ असावा.

त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका वार्तापत्रात छापली आहे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार, अल्पोपाहार. खाली तळटीप : 'कार्यक्रमानिमित्त देवघेव विभाग दिवसभर बंद राहील.' वाचन या शब्दाने सुरू होणारी एकही बाब पत्रिकेत नाही. दीपप्रज्वलन होणार कुठे? तर संदर्भ विभागात, कोशांच्या कपाटासमोर. म्हणजे समई, तेल, पाच वाती आणि मागे कोरड्या कागदाची भिंत. बाजूला अग्निशामक नळकांडं आहे. त्यावरची तारीख मी वाचली, ती लिहीत नाही. तेही आता दुर्मीळ ग्रंथांत जमा व्हायला हरकत नाही.

पाहुण्यांना 'बुके नव्हे, बुक' देतात. पुस्तक ठरलेलं : 'अग्निपंख'. राज्यातल्या प्रत्येक प्रमुख पाहुण्याच्या घरी त्याच्या डझनभर प्रती असणार. मग पाहुणे जेव्हा यजमान होतात तेव्हा त्यातलीच एक पुढच्या पाहुण्याला देतात. ओटीतला ब्लाउजपीस जसा घराघरांतून फिरतो, घडी न मोडता, तसं हे पुस्तक फिरतं. आमच्या विद्यापीठात खऱ्या अर्थाने चालू असलेली आंतरग्रंथालयीन देवघेव ती हीच.

आणि फोटो. साधा फोटो चालत नाही, जिओटॅग लागतो. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं फोटोवर उमटलेलं. नॅकच्या मूल्यांकन समितीला पुरावा द्यायचा असतो. मानवी इतिहासात वाचन ही एकमेव क्रिया असावी जी माणूस खरोखर करत असेल तर फोटोत काहीच घडताना दिसत नाही. म्हणून आमच्याकडे पुस्तक उघडं धरून सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. मागच्या रांगेतल्या एकाने उलटं धरलं होतं. अक्षांश-रेखांश बरोबर होते.

नॅकला ग्रंथालयात रोज किती जण येतात तेही सांगावं लागतं. तो आकडा आमचा उत्तम आहे. तो कसा उत्तम आहे ते बघायचं तर सकाळी सातच्या आत अभ्यासिकेपाशी जावं. दाराबाहेर रांग. दार उघडलं की पोरं धावतात, आणि टेबलावर रुमाल, पाण्याची बाटली, जुनी वही, काय हाताला लागेल ते टाकून जागा धरतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची कला या राज्यात लोप पावली असं समजत होतो, ती इथे जिवंत आहे. हे सगळे स्पर्धा परीक्षावाले. टेबलागणिक राज्यव्यवस्थेवरचा एक लक्ष्मीकांत, पिवळ्या मार्करने रंगवलेला. पुस्तक स्वतःचं, बाटली स्वतःची, चार्जर स्वतःचा. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते खुर्ची, पंखा आणि घरच्यांपासून आठ-दहा तास सुटका. बाजूच्या दालनातल्या दीड-दोन लाख पुस्तकांकडे ते ढुंकून बघत नाहीत. मी त्यांना हसणार नाही. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत, कुठलाही दिन नसताना, जिओटॅगशिवाय वाचणारे या आवारात तेवढेच आहेत. त्यांची सही दारावरच्या रजिस्टरात पडते, रजिस्टरातला आकडा अहवालात जातो, अहवाल श्रेणी मिळवतो. आणि त्यांच्या अभ्यासिकेतले दोन पंखे गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहेत. ही बाब आगामी कार्यक्रमांत नाही.

पान तीन. 'सामूहिक शांत वाचन.' २०२४ च्या डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने 'शांतता, पुणेकर वाचत आहेत' असा उपक्रम झाला. लोकांनी तासभर जिथे असतील तिथे वाचावं असं आवाहन होतं. पुणेकर गप्प बसले ही बातमी, वाचत होते ही उपबातमी. आता आमच्याकडेही तसंच. मागच्या वेळची रंगीत तालीम मी पाहिली. मंडप, दोन कर्णे आणि निवेदक. निवेदक दर पाच मिनिटांनी माइकवरून सांगत होता : "आता सर्वांनी अत्यंत शांतपणे वाचन करावे. मोबाइल बंद ठेवावेत. पांढऱ्या रंगाची मोटार ज्यांची असेल त्यांनी ती काढून घ्यावी." तासाभरात माझी अडीच पानं झाली. मोटार माझी नव्हती.

त्याखाली कार्यशाळा : 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. इथे मात्र चेष्टा आवरती घेतो, कारण गोष्ट मोठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं, सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्था. गडचिरोलीतल्या मुलाला जे शोधनिबंध पाहायलाही मिळत नव्हते ते आता उघडता येतात. पण ते उघडून कसे शोधायचे हे दाखवायला संदर्भ विभागात माणूस लागतो, आणि संदर्भ विभाग कर्मचारी वार्तांत तीन वर्षांपूर्वीच 'निरंक' झालाय. गावात धरणाचं पाणी आलं, पण नळ बसवणारा सेवानिवृत्त.

दुसरं असं की, तेरा हजारांची सोय झाली म्हणून आमच्या ग्रंथालयाने उरलेल्या वर्गण्यांकडे जरा कडक नजरेने पाहिलं. उरलेल्या म्हणजे मराठी. वाईचं 'नवभारत' आणि 'समाज प्रबोधन पत्रिका' यांच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे आहे. वर्षाची वर्गणी किती? समितीच्या एका बैठकीच्या चहा-बिस्किटांत बसावी. बैठक दोनदा झाली. चहा झाला. प्रस्ताव गणपूर्तीअभावी पुढे गेला.

पान चार, 'वाङ्मयचौर्य : समज व गैरसमज'. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ पासून प्रबंधाची संगणकीय प्रत देणं सक्तीचं केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने त्यासाठी 'शोधगंगा' उभी केली. प्रबंध एकदाचा तिथे चढला की मार्गदर्शक सुटतो, विद्यार्थी सुटतो. गंगेत घोडं न्हालं ही म्हण या सोयीसाठीच राखून ठेवली होती असं वाटतं. २०१८ च्या नियमाने दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. मागच्या कार्यशाळेत व्याख्यात्यांनी दीड तास खपून ते समजावलं. 'काही शंका?' म्हटल्यावर एकाने हात वर केला : "सर, ते दहा टक्के कुठून घेतलेले बरे?"

त्यानंतर सॉफ्टवेअर बदलाची सूचना. जुनं जाऊन 'कोहा' येणार. हे न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं, २००० च्या जानेवारीपासून चालू असलेलं, सर्वांना मोफत असलेलं सॉफ्टवेअर. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटवस्तू. सॉफ्टवेअर फुकट, ते बसवायला, माहिती इकडून तिकडे न्यायला आणि दर वर्षी देखभालीला बाहेरची कंपनी. आवळा देऊन कोहळा काढणं आपल्याला ठाऊक होतं, कोहा घेऊन कोहळा देणं आता शिकतोय. माहिती नेताना मागच्या वेळी सगळ्या लेखकांची नावं आडनावांच्या जागी गेली होती. बहिणाबाई चौधरी दोन वर्षं 'बहिणाबाई' या आडनावाखाली होत्या. कुणी तक्रार केली नाही, कारण कुणी शोधलं नाही.

आणि नव्या इमारतीचं भूमिपूजन. तिसऱ्यांदा. कुणी हसू नये, ग्रंथालयाच्या इमारतीला वेळ लागायचाच. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली दोन लाख रुपये दिले, मनोऱ्यासाठी आईच्या नावाने आणखी दोन लाख. पायाभरणी १८६९ ला, राजाबाई टॉवरसह काम पुरं झालं १८७८ ला. पैसे दिल्यापासून चौदा वर्षं. रामाचा वनवास तेवढाच. मधल्या काळात, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा आणि शेअरांचा फुगा फुटला तेव्हा, १८६५ साली शेठजी स्वतः बुडाले. देणगी बुडाली नाही. हल्ली हा क्रम उलटा आढळतो. आणि वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट जागा बघायला मुंबईला कधी आलेच नाहीत. ही एक परंपरा मात्र आमच्या विद्यापीठाने निष्ठेने जपलेली आहे : नव्या इमारतीच्या नकाशात कपाटांच्या खोलीला पश्चिमेकडून तीन मोठ्या खिडक्या आहेत. पावसाची दिशा कुणी विचारली नसावी.

शेवटचं पान, 'साठा पडताळणी'. हा एकच कार्यक्रम असा, की ज्याला पाहुणे नाहीत, नारळ नाही, फोटोही नाही. एकेक पुस्तक उतरवायचं, धूळ झटकायची, दाखल नोंदवहीतला क्रमांक ताडून परत ठेवायचं. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत याबद्दल सुंदर कलम आहे. वाचकांनी वर्षभरात हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी समजावं, अट अशी की त्यात लबाडी किंवा हयगय नसावी. सरकारने माणसाच्या पुस्तकप्रेमाला दिलेली ही पाच दर हजारी सूट मला फार मोठ्या मनाची वाटते. पण कलम नीट वाचा. सूट कपाटातल्या पुस्तकांवर नाही, हाताळलेल्या पुस्तकांवर आहे. वर्षभरात हजार पुस्तकं कुणी उघडलीच नाहीत, तर पाच हरवायचा हक्कही गेला. आमच्या ग्रंथालयाचा मागच्या वर्षीचा अहवाल अभिमानाने सांगतो : 'गहाळ पुस्तके : निरंक.'

आता मामा.

मामा पदाने ग्रंथालय परिचर. पण विद्यापीठात तीन पिढ्या त्यांना 'मामा' म्हणतात आणि ते सगळ्यांना 'बाळा' म्हणतात, विभागप्रमुख झालेल्यांनाही. शिकले दहावीपर्यंत. ओपॅकवर, म्हणजे संगणकाच्या ग्रंथसूचीत, शोधून न सापडलेलं पुस्तक सांगा, ते डोळे मिटून म्हणणार, "हिरवी पाठ. वरून दुसरा खण. त्याच्या मागं पडलंय." मी एम.ए.ला असताना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकच प्रत असलेलं पुस्तक त्यांनी मला त्यांच्या स्वतःच्या खात्यावर काढून दिलं होतं. परत केलं की नाही, ते मला आठवत नाही, म्हणजे केलं नसणार.

निवृत्तीच्या दिवशी पेन्शनच्या कागदांसाठी सगळ्या विभागांचं 'नो ड्यूज' लागतं. ग्रंथालयाचंही. मी निरोपाला म्हणून गेलो होतो तेव्हा ते काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून स्वतःचं खातं तपासत होते. खात्यावर सात पुस्तकं होती. सातही वेगवेगळ्या सालची, सातही एम.ए.च्या अभ्यासक्रमातली. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलले नाहीत. खालच्या खणातून पावतीपुस्तक काढलं, सातांची किंमत भरली, स्वतःच्या नावाची पावती स्वतःच फाडली. 'पैसे घेणार' इथे त्यांची सही. 'पैसे देणार' इथे त्यांचीच.

"मामा, अहो त्यातलं एक माझं असेल," मी म्हटलं.

"असंल बाळा. वाचलंस ना?"

मी मान हलवली. अर्धं वाचलं होतं.

मग कार्यभार हस्तांतरणाचा तक्ता आला. कपाटांच्या किल्ल्या, एकूण नग एकशे बारा, जाड लोखंडी कडीत ओवलेल्या. शिवाय शिक्के तीन, शाईचं पॅड एक, स्टूल एक. 'कार्यभार देणार' इथे मामांनी सावकाश, रेषेवर सही केली. शेजारच्या रकान्यात 'कार्यभार घेणार'. प्रभारी सरांना फोन लावला, ते कॅन्टीनच्या बैठकीत होते. एम.लिब. झालेली ती मुलगी पुढे आली, पण मनुष्यबळाला किल्ल्या देता येत नाहीत. सभागृहातून शिपाई बोलवायला आला : शाल-श्रीफळाला माणसं खोळंबली आहेत, फोटोवाला थांबलाय.

मामांनी किल्ल्यांची कडी खिळ्याला अडकवली. तक्ता परत ओढला, पेन्सिल कानावरून काढली, आणि त्या रकान्यात, मॅडम क्रमांक टाकायच्या तशा बारीक अक्षरांत, लिहिलं : निरंक.